चोरदिंडी आणि हिरकणी : संगणकाच्या मागल्या दाराचा इतिहास

जव्हार संस्थानच्या जन्माची एक दंतकथा आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने येथल्या नाईकाकडे एक अगदी लहानशी मागणी केली. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जागा मला द्यावी, एवढीच ती मागणी. नाईकाने हसत हसत होकार दिला. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या, वादीला वादी जोडली गेली, आणि त्या दोरीचा वेढा साऱ्या मुलखाभोवती पडला. जुन्या ठाणे गॅझेटियरातही ही कथा आली आहे. परंतु आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज नगरीच्या राणीविषयीही लोक हीच कथा सांगतात, तेव्हा इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकता येणार नाही. तिच्यातले शहाणपण मात्र खरे आहे. परवानगी दिली ती कातड्याएवढी आणि ताबा गेला तो मुलखाएवढा !

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो नेमका हाच आहे. संगणकात ‘बॅकडोअर’ म्हणजे मागले दार कसे पाडले जाते, त्या दाराने कोण आत येते, आणि त्याला बाहेर कसे घालवावयाचे, हे आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा आम्हांला लवकर सोडावी लागली. जे काही शिकलो ते वीटभट्टीवरच्या मजुरांचे हिशेब तपासताना आणि संघटनेच्या कचेरीत रात्री दिव्याखाली पुस्तके चाळताना शिकलो. तेव्हा या भाषणात विद्वत्ता सापडणार नाही. एका अडाण्याने दुसऱ्याला समजावून सांगावे तसे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. आपल्या गडकिल्ल्यांना महादरवाजा असतो, तशी चोरदिंडीही असते. रायगडावर ती आजही दाखवितात. चोरदिंडी शत्रू पाडीत नाही. गड बांधणाराच अडचणीच्या वेळी बाहेर पडता यावे म्हणून ती ठेवतो. संगणकातील पहिली मागली दारे अशीच होती. कार्यक्रम लिहिणारा कारागीर दुरुस्तीच्या सोयीसाठी एखादी वाट स्वतःकरिता राखून ठेवी. सोय म्हणून ठेवलेली वाट परक्याच्या हाती लागली की तिचीच घरफोडी होते, हे गडाला जितके लागू तितकेच यंत्राला लागू.

या गोष्टीचा धोका ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत केन थॉम्सन हे नाव मोठे आहे. युनिक्स नावाची जी संगणक-व्यवस्था जगभर पसरली तिच्या जनकांपैकी हे एक. संगणकशास्त्रातील सर्वांत मानाचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले, आणि त्या निमित्ताने केलेले त्यांचे भाषण १९८४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी दाखवून दिले की, कार्यक्रम तयार करणाऱ्या हत्यारातच चोरवाट लपविली, तर कार्यक्रमाची ओळ न् ओळ वाचूनही ती सापडणार नाही. तात्पर्य असे की, वस्तू कशी दिसते एवढे पाहून भागत नाही, ती कोणाच्या हातून आली हेही पाहावे लागते. सुताराला हे सांगावे लागत नाही. पटाशीच वाकडी असेल तर फळी सरळ कशी निघेल ?

पुढे १९९८ च्या ऑगस्टात अमेरिकेतील संगणकवेड्या तरुणांच्या एका टोळक्याने ‘बॅक ऑरिफिस’ नावाचा कार्यक्रम जाहीरपणे वाटला. तो एखाद्याच्या विंडोज संगणकावर बसला की दूर बसलेला माणूस ते यंत्र आपल्याच टेबलावर असल्यासारखे चालवू शके. विंडोजची सुरक्षितता किती कच्ची आहे हे दाखविण्याचा आपला हेतू होता, असे त्या मंडळींचे म्हणणे. हेतू काही असो, मागल्या दाराची किल्ली त्या दिवसापासून बाजारात आली, आणि पुढे तशा शेकडो किल्ल्या निघाल्या.

आता हे दार पडते कसे ते पाहू. मोखाड्याचा बोहाडा आपण पाहतो. मुखवटा चढला की ओळखीचा माणूस देव होतो किंवा राक्षस होतो, आणि आतला कोण हे कळत नाही. संगणकातले सोंग असेच येते. ते बँकेच्या पत्राला जोडलेल्या कागदाचा मुखवटा घालते, फुकट मिळालेल्या महागड्या कार्यक्रमाचा घालते, नव्या सुधारणेचा घालते, कधी मित्राने दिलेल्या पेनड्राइव्हमधून येते. पुष्कळदा यंत्र आपणांस विचारतेही की, ‘या कार्यक्रमाला बदल करू द्यावयाचे काय ?’ आणि आपण न वाचता ‘होय’ दाबतो. श्रोतेहो, १९४५ साली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठला तेव्हा त्याच्या मनात जी चीड होती तीत कोऱ्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याची चीड होती. त्या वेळी अंगठा उठविणाराला वाचता येत नव्हते. आज आम्हांला वाचता येते, तरी आम्ही न वाचता अंगठा उठवितो ! कित्येकदा तर माणसाच्या ‘होय’चीही गरज पडत नाही. यंत्राच्या मूळ व्यवस्थेत एखादी फट असते, ती बुजविणारी सुधारणा कंपनीने दिलेली असते, आणि आम्ही ती घातलेली नसते. त्या फटीतून चोर आपोआप आत येतो.

आत शिरल्यावर सोंग तीन कामे करते. पहिले काम मुक्काम पक्का करण्याचे. यंत्र चालू होताच जे कार्यक्रम आपोआप सुरू होतात त्यांच्या यादीत ते आपले नाव घालते, आणि नावही असे घेते की ते विंडोजच्याच घरातले वाटावे. म्हणून यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याने ते जात नाही. दुसरे काम मालकाला साद घालण्याचे. येथे एक खुबी आहे. आपण बाहेरून आत येणाऱ्यावर पहारा बसवितो, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा कोणी अडवीत नाही. म्हणून हे सोंग आतूनच बाहेरच्या एका ठरलेल्या यंत्राकडे थोड्या थोड्या वेळाने निरोप धाडते आणि हुकूम मागते. तिसरे काम हुकूम पाळण्याचे. मग कोणती कळ दाबली हे टिपून घेणे, पडद्याचे चित्र काढणे, कागद बाहेर नेणे, नवा कागद आत ठेवणे, आणखी चोरांना आत घेणे, सारे काही होते. मालक समोर बसून हिशेब लिहीत असतो, आणि त्याच्या खांद्यावरून दुसरे कोणी वाचीत असते.

ही दूरदेशीची कथा नव्हे. दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच देतो.

पहिले न्हावा-शेवा बंदराचे. २७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम एकाएकी ठप्प झाले. ते टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. कोणता डबा कोणाचा आणि कोठे ठेवावयाचा, हे सांगणारे संगणकच मेले होते. याचे मूळ होते युक्रेनमध्ये. तेथे हिशेब आणि कर भरण्यासाठी सर्रास वापरात असलेला ‘एमईडॉक’ नावाचा एक कार्यक्रम होता. चोरांनी तो बनविणाऱ्या कंपनीच्या यंत्रांत शिरकाव करून तिच्याच सुधारणेत मागले दार बसविले. हजारो गिऱ्हाइकांनी ती सुधारणा विश्वासाने घेतली, आणि त्या दाराने ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक कार्यक्रम आत सोडला गेला. अमेरिका आणि ब्रिटन या सरकारांनी २०१८ साली याचा दोष रशियावर ठेवला. भांडण दोन देशांचे असले तरी ट्रक मात्र न्हाव्याला अडकले. थॉम्सनने १९८४ साली जे बजावले होते, ते तेहेतीस वर्षांनी आमच्या बंदरापर्यंत येऊन पोचले.

या प्रकरणाची एक शेपटी आम्हांस फार आवडते. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागले. परंतु साऱ्या यंत्रांची ओळख ठेवणारे जे मुख्य सर्व्हर होते, ते जगभर सगळेच नष्ट झाले होते. वाचले होते एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातले. कारण हल्ल्याच्या वेळी तेथली वीज गेली होती ! जव्हार-मोखाड्यात आपण वीज गेली की मंडळाला शिव्या घालतो. येथे गेलेल्या विजेने एका जगड्व्याळ कंपनीला जीवदान दिले. यातला धडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे यंत्र जाळ्यापासून तुटलेले असते, ते वाचते. आपल्या हिशेबाची एक प्रत नेहमी तुटलेली, म्हणजे कपाटात बंद अशी ठेवावी.

दुसरे उदाहरण पुण्याचे. कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये, ११ आणि १३ या तारखांना, तिच्यातून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी एका मधल्या यंत्राकडे जाते. तेथून ती बँकेच्या मूळ खतावणीशी ताडून पाहिली जाते आणि मग होकार येतो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरकाव करून या मधल्या यंत्राच्या जागी एक खोटे यंत्र उभे केले, आणि ते खतावणीला न विचारताच प्रत्येक मागणीला होकार देऊ लागले. २८ देशांतील एटीएमवर नकली कार्डे घेतलेली माणसे उभी होती. सुमारे ७८ कोटी रुपये परदेशातून आणि अडीच कोटी भारतातून काढले गेले. उरलेले १३ कोटी ९२ लाख बँकाबँकांमधील संदेश-यंत्रणेतून हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ साली या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. परंतु रोकड काढणारा तो हमाल, आणि खोटे यंत्र उभारणारा तो सूत्रधार. पकडला बहुधा हमालच जातो. आम्ही आयुष्यभर ठेकेदारांशी झगडलो आहोत, त्यामुळे आम्हांला याचे नवल वाटले नाही.

येथून आम्ही खऱ्या मुद्द्याकडे येतो. यंत्रात शिरलेला चोर दिसत नाही. मग लोक दिसणारा माणूस धरतात.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातील एका छोट्या पतसंस्थेत असे घडले. संस्थेच्या बँकखात्यातून एका रात्री दोन हुकूम सुटले आणि पैसे परमुलखातील खात्यांत गेले. संस्थेचा संगणक सांभाळणारा कारकून मोखाडा तालुक्यातला, घरातला पहिलाच शिकलेला मुलगा. त्या रात्री तो गावी बहिणीच्या हळदीत होता. संचालक म्हणाले, “पासवर्ड तुझ्याजवळ होता. तू नाही तर तुझ्या कोणा साथीदाराने केले.” त्याला कामावरून दूर केले, आणि प्रकरण आमच्याकडे आले.

आम्ही त्याला विचारले, “बाळा, आधी काही वेगळे दिसले होते का ?” तो खाली मान घालून म्हणाला, “दादा, दोन महिने यंत्र मंद चालत होते. एकदा बाण आपोआप हलला. त्याआधी मी एका ओळखीच्याकडून टंकलेखनाचा फुकटचा प्रोग्राम आणून घातला होता. साहेब रागावतील म्हणून बोललो नाही.”

एवढ्यावर तज्ज्ञाला सगळा प्रकार उलगडता आला असता. परंतु संचालकांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातला कारागीर बोलावून यंत्र पुसून काढविले होते, म्हणजे ज्याला फॉरमॅट म्हणतात ते केले होते. चोर गेला, आणि त्याच्याबरोबर चोर होता याचा पुरावाही गेला. बँकेच्या नोंदीत एवढेच निघाले की हुकूम संस्थेच्याच यंत्रावरून सुटला. मुलगा निर्दोष असल्याचे आम्ही सिद्ध करू शकलो नाही, आणि तो दोषी असल्याचे त्यांनाही सिद्ध करता आले नाही. सात महिन्यांनी त्याला परत घेतले, पण टेबल बदलून. नोकरी परत मिळाली. बाजारातले नाव परत मिळाले असे आम्ही म्हणणार नाही.

यंत्रात सापडलेला कागद कोणाच्या हातचा, हा प्रश्न आज मोठमोठ्या खटल्यांतही उभा आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने बचावपक्षाच्या सांगण्यावरून केली. ‘नेटवायर’ नावाच्या मागल्या दाराने कोणीतरी त्या यंत्रात शिरून कागद ठेवले, असा अहवाल तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही. खरेखोटे ठरविणे न्यायालयाचे काम, आमचे नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो की, हा प्रश्न विचारता तरी आला, कारण यंत्राची प्रत जपून ठेवलेली होती. आमच्या कारकुनाच्या नशिबी तेही नव्हते.

तेव्हा उपाय सांगताना आम्ही क्रम लावून सांगतो, कारण यात क्रमालाच महत्त्व आहे.

संशय येताच पहिली गोष्ट, यंत्राची जाळ्याची तार काढावी, वायफाय बंद करावे. चोराला हुकूम मिळण्याची वाट तुटली की पुढचे नुकसान थांबते. दुसरी गोष्ट, पैशाचा प्रश्न असेल तर त्याच घटकेला बँकेला कळवावे आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासाला किंमत आहे. तिसरी, पासवर्ड बदलावे, पण दुसऱ्या निरोगी यंत्रावरून. आजारी यंत्रावर नवा पासवर्ड लिहिणे म्हणजे चोरासमोर नवे कुलूप लावून किल्ली त्याच्याच हाती देणे. चौथी, कोणावर आरोप होण्याचा संभव असेल, तर पुसण्याआधी जाणकाराकडून त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घ्यावी, किंवा ती डिस्कच काढून पंचांसमक्ष मोहरबंद ठेवावी आणि यंत्रात नवी घालावी. नवी डिस्क काही हजारांना मिळते. माणसाची अब्रू कोणत्याच दुकानात मिळत नाही.

यानंतर सफाई. अद्ययावत अँटिव्हायरसने सारे यंत्र तपासावे. परंतु लबाड सोंग चालू यंत्रात तपासनिसाच्याही डोळ्यांत धूळ फेकते. म्हणून विंडोज चालू होण्याआधीच तपासणी करणारी जी सोय असते ती वापरावी. जाणकाराने आपोआप सुरू होणाऱ्या कार्यक्रमांची यादी, ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी, अनोळखी वापरकर्ते आणि दुरून यंत्र चालविण्याचे कार्यक्रम, हे सारे पाहावे. भारत सरकारने २०१७ च्या फेब्रुवारीत ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तेथून सफाईची साधने फुकट मिळतात. त्यांत पुण्याच्या क्विक हीलचे साधनही आहे. ती कंपनी उभारणारे कैलास काटकर दहावीनंतर कॅलक्युलेटर दुरुस्त करीत होते, हे आम्ही आमच्या मुलांना मुद्दाम सांगतो.

आणि एवढे करूनही शंका उरली, तर मर्स्कने केले तेच करावे. यंत्र पुसून मूळ व्यवस्था अधिकृत ठिकाणाहून पुन्हा घालावी. जुन्या प्रतीतून कागद आणि हिशेब तेवढे परत घ्यावेत, कार्यक्रम घेऊ नयेत, आणि ते कागदही तपासूनच घ्यावेत. मग सर्व सुधारणा घालाव्यात. ज्या जुन्या विंडोजला कंपनी सुधारणा देत नाही ती जाळ्याला जोडू नये. रोजचे काम साध्या वापरकर्त्याच्या नावाने करावे, मालकाच्या अधिकाराने करू नये. चोरीचा कार्यक्रम फुकट मिळाला तरी घेऊ नये. जो फुकट मिळतो त्याची किंमत नंतर कोणीतरी भरतो, आणि तो बहुधा सर्वांत लहान माणूस असतो.

श्रोतेहो, शेवटी रायगडाकडे परत जाऊ. हिरकणी गवळणीची कथा आपणांस ठाऊक आहे. दूध घालावयास गडावर गेली, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ. ती रात्री कड्यावरून उतरून गेली. जेथून माणूस उतरू शकत नाही असे सर्वांनी धरले होते, तेथून एक बाई उतरली. म्हणजे गडाला एक मागले दार होते आणि ते कोणालाच माहीत नव्हते. महाराजांनी काय केले ? कथा सांगते की त्यांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, आणि त्या जागी बुरूज बांधून तिचेच नाव त्याला दिले.

फट सापडली, ती सांगणाराचा सत्कार झाला, आणि फट बुजविली गेली. संगणकाच्या सुरक्षिततेचे सारे शास्त्र या एका कथेत आहे. आमच्या पतसंस्थेतल्या मुलाने पहिल्याच दिवशी ‘बाण आपोआप हलला’ असे सांगितले असते तर पैसे वाचले असते, अब्रूही वाचली असती. त्याने सांगितले नाही, कारण चूक कबूल करणाऱ्याची भाकरी जाते हे तो लहानपणापासून पाहत आला होता. दोन महिने ते दार उघडे राहिले ते चोराच्या हुशारीने जितके, तितकेच आमच्या कचेरीतल्या भीतीने. म्हणून येथे बसलेल्या संस्थांच्या संचालकांना, मुख्याध्यापकांना, दुकानदारांना आमचे एकच मागणे आहे. उद्या कचेरीत गेल्यावर आपल्या माणसांना सांगा की, चुकून काही दाबले, काही विचित्र दिसले, तर लगेच येऊन सांगा, सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. या बुरुजाला एक पैसाही लागत नाही.